‘स्पायडर-मॅन २’ व त्याचे टीकाकार

कृतींचा इतिहास निराळा आणि त्या कृतींवर झालेल्या टीकेचा इतिहास निराळा, ही गोष्ट नाटक-कादंबऱ्यांच्या बाबतींत आपणांस नवी नाहीं. एखादें नाटक पहिल्या प्रयोगाच्या दिवशीं ज्या गुणांसाठीं वाखाणलें गेलें त्याच गुणांसाठीं तें पुढील पिढीस आठवतें असें नाहीं. आणि ज्या दोषांसाठीं त्यावर ताशेरे झाडले गेले, ते दोष कित्येकदां कोणाच्या ध्यानांतहि राहत नाहींत. व्हिडिओ गेम ही कला अजून वयानें लहान असली तरी तिच्या टीकेचा इतिहास एव्हांना सांगण्याजोगा झाला आहे. त्यांतील एक प्रकरण आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. अतिमानुष नायकाचा चित्रपट आणि त्यावरून बेतलेला खेळ हा विषय मासिकाच्या पानांस शोभत नाहीं, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. त्यांस आमची एवढीच विनंती कीं, भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय त्यांनीं आठवून पाहावा. तेथें देवांनीं ब्रह्मदेवापाशीं जें मागितलें तें पाहतां येईल व ऐकतांहि येईल असें एक ‘क्रीडनीयक’, म्हणजे खेळणेंच होतें. हातीं धरून स्वतः चालवितां येईल असें खेळणें देवांनीं मागितलें नव्हतें. तें मानवांनीं आपलें आपणच करून घेतलें.

या प्रकरणाचा आरंभ १९७९ सालापासून करावा लागतो. त्या सालीं अटारी कंपनीनें ‘सुपरमॅन’ हा खेळ विक्रीस काढला. आदल्या वर्षाच्या डिसेंबरांत त्याच नांवाचा चित्रपट प्रदर्शित झाला होता. अटारी ही १९७६ पासून वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या मालकीची; सुपरमॅनच्या चित्रकथा छापणारी डीसी कॉमिक्सहि त्याच मालकाची; आणि चित्रपटहि त्याच घरचा. म्हणजे चित्रकथा, चित्रपट व खेळ हा एकाच दुकानांतील तीन फळ्यांवर मांडलेला माल होता. जॉन डन नांवाच्या प्रोग्रामरनें रचलेल्या या खेळाचें कथानक चार ओळींत संपतें. लेक्स लूथर पूल उडवून देतो; त्याचे तुकडे गोळा करून पूल पुन्हा जोडावयाचा, लूथर व त्याचे साथीदार यांस तुरुंगांत पोंचवावयाचें आणि क्लार्क केंटच्या वेषांत आपल्या कचेरींत परतावयाचें. चित्रपटाशीं त्याचें नातें नांवापुरतेंच. परंतु पडद्यावरील तो चौकोनी ठिपक्यांचा पुतळा उडत होता, आणि त्यास उडविणारा हात खेळणाराचा होता.

पुढें या धंद्याला एक रोग जडला, आणि त्याचें मूळ कलेंत नसून पंचांगांत होतें. चित्रपट ज्या आठवड्यांत लागावयाचा त्याच आठवड्यांत खेळ दुकानांत पाहिजे, मग तो पुरा झालेला असो वा नसो! १९८२ सालीं ‘ई.टी.’ या चित्रपटावरील खेळ नाताळ गांठण्यासाठीं हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यास सुमारें पांच आठवड्यांत रचावा लागला, आणि न खपलेल्या मालांतील कांहीं भाग दुसऱ्या वर्षीं न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो येथें जमिनींत पुरण्यांत आला. २०१४ सालीं तो उकरून काढला तेव्हां लोक प्राचीन अवशेष पाहावे तसे पाहावयास जमले होते. अशा अनुभवांनीं टीकाकारांच्या मनांत एक पूर्वग्रह घट्ट झाला, कीं चित्रपटावरचा खेळ म्हणजे घाईनें केलेला माल. हा पूर्वग्रह अन्यायाचा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. दहांपैकीं आठ वेळां तो खराच ठरे. मात्र अपवाद कोणते होते हें पाहिलें म्हणजे कांहीं उमगतें. टिम बर्टनच्या १९८९ मधील ‘बॅटमॅन’वरून जपानांतील सनसॉफ्ट कंपनीनें जो खेळ केला तो परीक्षकांनीं वाखाणला. त्यांतील नायक भिंतीवर आदळून तेथूनच समोरच्या भिंतीकडे झेप घेई, आणि ती झेप साधण्यांतच खेळाची गोडी होती. उलट १९९९ सालीं टायटस कंपनीनें सुपरमॅनवर जो खेळ काढला, तो चित्रपटावरचा नसून दूरचित्रवाणीवरील मालिकेवरचा होता, त्याची निर्भर्त्सना अजून संपलेली नाहीं. त्यांत त्रिभुवनांत मुक्त संचार करणाऱ्या त्या वीरास हवेंत टांगलेल्या कड्यांतून एकामागून एक ओंवून काढावें लागे. परीक्षक कथानकाविषयीं बोलत असले तरी चिडत होते ते गतीविषयीं.

स्पायडर-मॅनची अडचण तर याहूनहि मोठी होती. सुपरमॅनला उडावयास आकाश पुरतें. कोळ्याच्या वंशांतील या वीरास उंच घरें, घरांना चिकटणारा तंतु आणि खालीं रस्ता, इतकें सर्व हवें. २००० सालीं नेव्हरसॉफ्ट संस्थेनें चित्रकथांच्या आधारें केलेल्या खेळांत यंत्राची शक्ति इतकी तोकडी होती कीं खालचे रस्ते दाखविणेंच शक्य नव्हतें. म्हणून शहर विषारी धुक्यानें भरलें आहे असें कथानकच रचलें गेलें. यंत्राची उणीव कथेच्या गळ्यांत बांधण्याचें याहून चतुर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. पुढें सॅम रेमीचा पहिला चित्रपट २००२ सालीं आला आणि त्याबरोबर ट्रेआर्क संस्थेचा खेळ ॲक्टिव्हिजननें काढला. त्यांत नायक झोके घेई खरा, पण त्याचा तंतु कोठें चिकटतो हें शोधूं लागल्यास तो आभाळालाच चिकटलेला दिसे. खेळ खपला, स्तुतिहि झाली, आणि आभाळाची थट्टाहि झाली.

ही थट्टा ज्यांना लागली त्यांत त्याच संस्थेंतील जेमी फ्रिस्ट्रम हे एक होते. तंतु खऱ्याखुऱ्या इमारतीलाच चिकटला पाहिजे, आणि एकदां चिकटला कीं पुढचें सर्व लंबकाच्या नियमानें झालें पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांनीं या कल्पनेचा एक कच्चा नमुना करून दाखविला, आणि त्यावर पुढील खेळ उभा राहिला. २८ जून २००४ रोजीं ‘स्पायडर-मॅन २’ हा खेळ अमेरिकेंत विक्रीस आला. चित्रपट त्यानंतर दोन दिवसांनीं लागला. पंचांग येथेंहि चुकलें नव्हतें.

त्या झोक्याचें वर्णन थोडें विस्तारानें करणें अवश्य आहे, कारण सारा वाद त्याभोंवतीं फिरतो. खेळणारानें कळ दाबली कीं तंतु सुटतो आणि जवळच्या घराच्या कोपऱ्यास धरतो. घर डावीकडे असेल तर वीर डावीकडे वळतो. घर ठेंगणें असेल तर झोका आंखूड होतो. घरच नसेल तर तंतूला आधार नाहीं आणि वीर खालीं येतो. झोक्याच्या तळाशीं तंतु सोडला तर वेग पुढें नेतो. वर चढतांना सोडला तर तोच वेग उंच फेंकतो. सोडण्याचा क्षण चुकला कीं समोरच्या भिंतीवर नाक आपटतें. पहिल्या तासांत नवशिक्याची फजितीच होते. पण चिंचेच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर उभें राहून ज्यानें कधीं दोर ताणला असेल त्यास हें शास्त्र कोणी शिकवावें लागत नाहीं. गुडघे केव्हां वांकवावे हें त्याच्या अंगांत असतें. मॅनहॅटन बेटाची जी प्रतिकृति या खेळांत उभी केली होती तींत कथानक सोडून कोठेंहि भटकावयास मुभा होती. १९ व्या वर्षीं जें भटकणें घरचे लोक उनाडकी म्हणून निषिद्ध ठरवितात, तेंच येथें खेळाचें सार झालें.

परीक्षकांनीं हें ओळखलें, हें त्यांच्या पदरीं श्रेय. मासिकांतून व संकेतस्थळांवरून आलेल्या परीक्षणांचा सूर पुष्कळसा एकच होता: झोका अप्रतिम आहे, केवळ शहरांतून हिंडण्यांत तासचे तास जातात. याच परीक्षणांचा दुसरा अर्धा भागहि तितकाच एकमुखी आहे. रस्त्यावरील संकटें ठराविक पांचसात. तोच अपघात, तोच इमारतीवरून लोंबकळणारा कामगार, तीच बुडती होडी, आणि फुगा सुटला म्हणून रडणारें तेंच मूल. कथानकांतील पुढचें प्रकरण उघडावयाचें तर या संकटांतून वीरत्वाचे गुण गोळा करून आणावे लागत, म्हणजे परोपकारहि हप्त्याहप्त्यानें. शिवाय दृश्य दाखविणारा कॅमेरा ऐन मारामारींत भलतीकडे तोंड फिरवी. हे आक्षेप आम्हांस सर्वस्वीं मान्य आहेत. फक्त फुग्याविषयीं आमचें मत किंचित् निराळें आहे: शहर वांचविणाऱ्यास फुग्यामागें धांवावयास लावणें हें पीटर पार्करच्या स्वभावाशीं विसंगत नाहीं. पिझ्झा पोंचविण्याचीं कामें व त्यांबरोबर वाजणारी ती इटालियन चाल हीं आज थट्टेनें कां होईना, पण प्रेमानें आठवलीं जातात. मिस्टेरिओ नामक खलनायक मोठ्या आविर्भावानें किराणा दुकानांत येतो, त्याच्या बळाचे पट्टे पडद्यावर एकावर एक भरतात, आणि एका ठोशांत तो आडवा होतो. हा विनोद जाणूनबुजून केलेला होता. चित्रपटाची हुबेहूब नक्कल करणाऱ्यास असा विनोद सुचला नसता.

आतां या दोन मतांची बेरीज कशी झाली तें पाहण्यासारखें आहे. त्या काळचीं नामांकित संकेतस्थळें खेळाला चित्रें, ध्वनि, खेळण्याची पद्धति, टिकाऊपणा अशा सदरांत निरनिराळे गुण देत आणि शेवटीं एकच आंकडा काढीत. २००१ सालीं सुरू झालेलें मेटाक्रिटिक अशा अनेक आंकड्यांची पुन्हा सरासरी काढी. ‘स्पायडर-मॅन २’ च्या कन्सोलवरील आवृत्त्यांस या रीतीनें शंभरांत ऐंशीच्या आसपास गुण पडले. चांगला खेळ, असा निकाल. आम्ही जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या, त्यामुळें ऐंशी या आंकड्याचा अर्थ आम्हांस चांगला कळतो: सर्व प्रश्न बरे सोडविणाऱ्या विद्यार्थ्याला ऐंशी मिळतात, आणि एक प्रश्न असा सोडविणाऱ्यासहि, कीं जो परीक्षकानें पूर्वीं कधीं वाचला नव्हता. पत्रिकेवर दोघेहि सारखेच दिसतात. परीक्षणाच्या मजकुरांत झोक्याचें नावीन्य स्पष्ट नोंदलेलें आहे. आंकड्यांत तें विरघळून गेलें. मजकूर वाचणारे थोडे, आंकडा पाहणारे पुष्कळ, आणि प्रकाशकांचा व्यवहार तर आंकड्यांवरच चाले.

या आंकड्यांत आणखी एक घोंटाळा होता, व त्याचा संबंध आपल्याकडील घरांशीं येतो. त्याच नांवानें संगणकासाठीं जी आवृत्ति निघाली ती ट्रेआर्कची नव्हतीच. ती फिझ फॅक्टरी नव्हे, ‘द फिझ फॅक्टर’ नांवाच्या दुसऱ्या संस्थेनें लहान मुलांसाठीं म्हणून केली होती. तींत तंतु नेमून दिलेल्या खुणांनाच चिकटे. लंबक नाहीं, चूक नाहीं, म्हणून कसबहि नाहीं. परीक्षकांनीं ती झोडपून काढली, आणि योग्यच केलें. २००४ सालीं महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घरांत संगणक येऊं लागला होता, कन्सोल मात्र विरळा. ज्या मुलांनीं परदेशी परीक्षणांतील स्तुति वाचून वडिलांकडे हट्ट धरला असेल, त्यांच्या हातीं बहुधा ही दुसरीच वस्तु पडली. वेष्टण तेंच, नांव तेंच, आणि ज्याची स्तुति झाली तें मात्र आंत नाहीं. अशा मुलास टीकाकार खोटे बोलतात असें वाटलें असल्यास त्यास दोष कसा द्यावा?

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येते. २००७ मधील ‘स्पायडर-मॅन ३’ या खेळाचें स्वागत थंडें झालें, आणि परीक्षकांनीं त्याचें माप घेतलें तें तीन वर्षांपूर्वींच्या खेळानेंच. २००८ चा ‘आयर्न मॅन’ चित्रपट गाजला, पण त्यावरील सेगा कंपनीचा खेळ पडला. २००९ सालीं वुल्व्हरिनच्या चित्रपटावर रेव्हन संस्थेनें केलेला खेळ चित्रपटाहून सरस आहे, असें अनेक परीक्षकांनीं लिहिलें. अनुकरण मूळाहून सरस ठरल्याचा प्रसंग या वर्गांत क्वचितच. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत ‘बॅटमॅन: आर्कम असायलम’ आला. त्याच्यामागें कोणताहि चित्रपट नव्हता, म्हणून प्रदर्शनाची तारीखहि नव्हती. त्याला मिळालेल्या यशानें प्रकाशकांस जें पटलें तें परीक्षक कधींपासून सांगत होते. मोठे खेळ करण्यास लागणारा काळ व पैसा दोन्ही वाढत गेले, आणि चित्रपटाच्या तारखेस बांधलेला मोठा खेळ हळूहळू दिसेनासा झाला.

सप्टेंबर २०१८ मध्यें इन्सोम्नियाक संस्थेचा ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ हा खेळ आला. तोहि कोणत्याहि चित्रपटावरचा नव्हे. त्याच्या परीक्षणांत पुन्हा पुन्हा एक तुलना येते, ती २००४ च्या झोक्याशीं. चौदा वर्षांत कॅमेऱ्याचे दोष विसरले गेले, गुण गोळा करण्याचा कंटाळा विसरला गेला. परीक्षणाचा पहिला अर्धा भाग तेवढा राहिला. त्या खेळाचें कथानक काय होतें असें आज कोणास विचारावें तर ऑक्टोपसच्या पलीकडे फारसें सांगतां येत नाहीं. ज्या चित्रपटाच्या आधारावर तो विकला गेला, तोच त्याच्या स्मृतींतून आधीं गळला. फ्रिस्ट्रम यांनीं पुढें स्वतंत्रपणें ‘एनर्जी हुक’ नांवाचा खेळ केला. त्यांत कोळी नाहीं, चित्रपट नाहीं, झोका तेवढा आहे.

जुलै २०२३ मध्यें अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननें एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत असें दिसून आलें कीं, २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं सुमारें ८७ टक्के आज बाजारांत नव्यानें विकत मिळत नाहींत. परवान्यावर काढलेल्या खेळांची स्थिति तर विशेषच बिकट, कारण करार संपला कीं विकण्याचा हक्कहि संपतो. ‘स्पायडर-मॅन २’ याच वर्गांतला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत इन्सोम्नियाकनें आपल्या खेळाचा दुसरा भाग काढला आणि त्यासहि दोनचाच आंकडा लागला, त्यामुळें जुन्या खेळाची विचारपूस करणाऱ्यास आतां सालहि सांगावें लागतें. २००४ चीं परीक्षणें पुष्कळशीं अजून वाचावयास मिळतात, झोका कसा होता हें त्यांत नीट लिहिलेलें आहे. झोका घेऊन पाहावयाचा तर वापरलेली तबकडी आणि ती चालविणारें वीस वर्षांपूर्वींचें यंत्र, हीं दोन्ही जुन्या बाजारांत शोधावीं लागतात. आणि यंत्र मिळालेंच, तर तें लावावयास हल्लींच्या दूरचित्रवाणी संचाला भोंक सांपडेल असें नाहीं.