कोळसुंद्याचे कुळ : दाढांनी मांडलेली, जनुकांनी दुरुस्त केलेली वंशावळ

१/ इ.स. १८३१. मुंबई इलाख्याच्या लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. तीत एका रानकुत्र्याला त्याने 'कॅनिस दुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा कुत्रा, असे नाव दिले. मराठे त्याला 'कोळसुन' म्हणतात, हेही नोंदवले. या कोळसुंद्याला श्वानकुळात योग्य जागा मिळण्यास पुढे पावणेदोनशे वर्षे लागली.

२/ आरंभीचे वर्गीकरण रूपावरून होत असे. लिनियसने १७५८ साली 'कॅनिस' या एकाच प्रजातीत कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या पंक्तीला तरसही बसवले. वस्तुतः तरसाचे नाते मांजर आणि मुंगूस यांच्या शाखेशी आहे.

३/ पुढे लक्ष दातांकडे वळले. कुत्र्याला ४२ दात असतात, कोळसुंद्याला ४०. खालच्या जबड्यातील दोन्ही बाजूंची शेवटची दाढ त्याला नसते. नेपाळमधील ब्रिटिश अधिकारी ब्रायन हॉजसन याने १८३८ साली त्याच्यासाठी 'क्युऑन' ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. मात्र पल्लासने १८११ मध्येच या प्राण्याला 'अल्पायनस' म्हटले होते. जुन्या नावाला अग्रमान, म्हणून आज तो 'क्युऑन अल्पायनस'.

४/ १९४५ मध्ये जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसनने कोळसुंदा, आफ्रिकेचा रानकुत्रा आणि दक्षिण अमेरिकेचा बुश डॉग यांना एका उपकुळात ठेवले. कारण एकच : तिघांचीही मांस कापणारी धारदार दाढ.

५/ जीवाश्मांची साक्ष वेगळी होती. हे कुळ सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत उदयास आले. त्याच्या तीन शाखांपैकी दोन नामशेष झाल्या. उरलेल्या शाखेतील काही प्राणी सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी बेरिंगच्या भूसेतूवरून आशियात आले. काही बऱ्याच नंतर पनामामार्गे दक्षिण अमेरिकेत उतरले.

६/ २००५ साली कुत्र्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि निवाडा लागला. कोळसुंदा व आफ्रिकी रानकुत्रा लांडग्याच्या गटात आले. बुश डॉग दक्षिण अमेरिकी गटात गेला. त्याच्या दाढेचे साम्य हा समान पूर्वजाचा वारसा नव्हता. सारख्या आहाराने दूरच्या भाऊबंदांना सारखी दाढ दिली होती.

७/ हा वाद चालू असताना ब्रिटिश अमलात कोळसुंद्याला उपद्रवी ठरवून त्याच्या शिकारीस इनाम दिले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. आज तो जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. ताडोबा-पेंचच्या रानांत त्याचे कळप अजून दिसतात. पण 'क्युऑन' प्रजातीत त्याच्यावाचून दुसरी जिवंत जाती उरलेली नाही.