कोथिंबिरीची कुंडी आणि मलिक अंबरची नहर

१/८
कोथिंबीर आणि पुदिना ही घरच्या कुंडीतली सर्वांत सोपी रोपे मानली जातात. छत्रपती संभाजीनगरात मात्र त्यांचा इतिहास मातीपेक्षा पाण्याचा अधिक आहे.

२/८
आधी नावे. ‘कोथिंबीर’ संस्कृत ‘कुस्तुंबरी’वरून आली, ‘पुदिना’ फारसीतून. त्यांच्यासोबत पाट्यावर वाटली जाणारी मिरची अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती भारतात आणली.

३/८
धने आणि कोथिंबीर ही एकाच रोपाची दोन रूपे. धने वर्षभर टिकतात, म्हणून दूरच्या व्यापारात चालतात. पाला मात्र दोन दिवसांत कोमेजतो. तो शहरालगतच्या मळ्यात किंवा परसातच पिकवावा लागे, आणि त्यासाठी जवळपास रोजचे पाणी हवे.

४/८
येथे नेमकी त्याचीच वाण. मराठवाडा पर्जन्यछायेचा प्रदेश, पायाखाली काळा कातळ. अशा ठिकाणी, खडकी गावी, निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये शहर वसवले.

५/८
त्याने बांधलेली ‘नहर-ए-अंबरी’ उत्तरेकडील डोंगराळ भागातले भूजल जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणी. अंबर १६२६ मध्ये वारला. नहर वाहत राहिली. पुढे मुघल काळात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचे जाते फिरवणारे पाणीही असेच खापरी नळांतून येई.

६/८
परसबागेचे जुने गणित सांडपाण्यावर बसवलेले असे. मोरीच्या कडेला अळू आणि पुदिना. पुदिन्याला बी लागत नाही. देठ ओल्या मातीत खोचला की मूळ धरतो. धने मात्र हलके रगडून, दोन फाके करून पेरायचे, कारण प्रत्येक दाण्यात दोन बिया असतात.

७/८
आज शहराची तहान पैठणच्या जायकवाडी धरणावर भागते. १९७६ साली पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी पंपांनी चढावर आणावे लागते. नहरीला वीज लागत नव्हती. कित्येक वस्त्यांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. उथळ कुंडीतली कोथिंबीर वैशाखात तेवढी वाट पाहत नाही.

८/८
म्हणून तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी कुंडीत ओतणे ही केवळ काटकसर नव्हे. या कोरड्या पठारावर स्वयंपाकघर हिरवे ठेवण्याची ती जुनी रीत आहे. नहरींचे बरेचसे मार्ग मात्र बांधकामांखाली दबले आहेत. उरलेले जपायचे असतील, तर ते आधी नकाशावर नोंदले गेले पाहिजेत.