सावकारी आणि आपले कायदेमंडळ

या स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे, विद्यार्थ्यांचे यश, वसतिगृहाचा हिशेब इत्यादी मजकूर दरवर्षी येत असतो. यंदा आम्ही एका रूक्ष विषयाकडे वळत आहोत, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. विषय कर्जाचा आहे. लग्नाचा खर्च चारचौघांत सांगितला जातो. त्यासाठी काढलेल्या कर्जाची वार्ता मात्र घरातल्या माणसालाही पुष्कळदा लागत नाही. म्हणूनच ऋणको आणि धनको यांच्यामध्ये कायदा कधी व कसा उभा राहिला, याची हकीकत आपणांस ठाऊक असणे अगत्याचे वाटते.

आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम जुना आहे. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, हे त्याचे सार. इंग्रजी अमदानीत १८५५ साली व्याजाच्या दरावरील जुनी कायदेशीर बंधने रद्द झाली. करार झाला की तो पाळलाच पाहिजे, ही विलायती कल्पना कोर्टांत रूढ झाली. आणि ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याचा अंगठाही करार म्हणूनच धरला जाऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा सावकारांनी सढळ हाताने पैसा दिला. १८६५ साली ते युद्ध संपले, भाव कोसळले, आणि कर्ज तेवढे राहिले. त्यात सरकारी सारा वाढलेला.

याचा परिणाम १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजारच्या दिवशी, दिसून आला. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या दंग्यांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जमावाचा रोख माणसांवर फारसा नव्हता. तो खते, रोखे आणि हिशेबाच्या वह्या यांवर होता. कागद हाती आला की तो जाळावयाचा, आणि तो मुकाट्याने मिळाला तर पुष्कळ ठिकाणी पुढे काही घडतही नसे. आपले दारिद्र्य कोठे लिहून ठेवले आहे, हे त्या निरक्षर कुणब्यांना पक्के ठाऊक होते.

चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. मात्र तो आपल्या प्रतिनिधींनी केलेला नव्हता. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातून तो आला होता. तथापि त्यातील एक तत्त्व आम्हांस फार मोलाचे वाटते. रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता, व्यवहाराच्या अगदी आरंभापासून इतिहास तपासून न्यायाधीशाने हिशेब मांडावा, असे त्याने ठरवून दिले. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकण्याची पद्धतही त्याने बंद केली. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केले आणि त्या निमित्ताने खेडोपाडीची दप्तरे डोळ्यांखाली घातली.

लोकनियुक्त कायदेमंडळाच्या हाती हा विषय खऱ्या अर्थाने आला तो १९३५ च्या कायद्यानंतर. बाळासाहेब खेर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत १९३९ चा शेतकरी ऋणमुक्ती कायदा झाला. पण त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुढे १९४६ साली खेर पुन्हा अधिकारावर आले. अर्थ व सहकार ही खाती वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होती. मुंबई सावकारी कायदा १९४६ हा याच काळातला. सावकाराने परवाना घ्यावा, ठरावीक नमुन्यात हिशेब ठेवावा, कुळाला त्याचा उतारा द्यावा. आणि मुद्दलाहून अधिक व्याजाचा हुकूमनामा कोणत्याही कोर्टाने देऊ नये. दामदुपट अशी स्मृतिग्रंथांतून निघून विधिमंडळाच्या छापील कायद्यात आली.

सावकाराला नुसता कायद्याने आळा बसत नाही; गरजवंताला दुसरे दार असावे लागते. ते दार आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनीही उघडले, हे येथे अभिमानाने नमूद करतो. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी १९०६ साली मुंबईत सारस्वत समाजासाठी श्यामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली. तिचीच पुढे बँक झाली. इतर ज्ञातींनीही अशी उदाहरणे पाहून पेढ्या काढल्या. काही तगल्या. काही, संचालकांनी आप्तांना दिलेल्या कर्जांखाली, बुडाल्या. असो.

आता अलीकडचे. जुना कायदा जाऊन त्याच्या जागी महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ साली आला. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार त्याने सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकास दिला. परवान्याविना सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. त्याच वर्षी शासनाने व्याजाचे दरही ठरवून दिले: शेतकऱ्यास तारणावर वर्षाला शेकडा ९ व विनातारण १२, इतरांस अनुक्रमे १५ व १८. ठेवीदारांसाठी १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. तो करण्याचा राज्याला अधिकारच नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दिला होता. परंतु तामिळनाडूच्या तशाच कायद्यास सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली वैध ठरविले आणि आपल्या कायद्याचीही वाट मोकळी झाली. गंमत अशी, की जी दामदुप्पट पूर्वी ऋणकोची ढाल होती, तिच्याच नावाने आता ठेवीदाराला भुलविले जाते.

राज्याच्या कायदेमंडळाचे हात कोठे बांधलेले आहेत, तेही पाहिले पाहिजे. आपल्या घटनेने सावकारी व सहकारी संस्था हे विषय राज्यांकडे दिले. बँका, टपाल, तार आणि दूरध्वनी केंद्राकडे ठेवले. १९५० साली ही वाटणी सरळ होती. सावकार पेठेत बसे आणि दूरध्वनी मोजक्याच घरांत वाजे. आता सावकार दूरध्वनीतूनच घरात येतो. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ व गुजरात यांच्या प्रकरणांत दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने मोबाईलवरून दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठी नियम घालून दिले. कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या खात्यात जमा व्हावी, एकूण खर्च वार्षिक दराने आधीच सांगावा, आणि त्याच्या मोबाईलमधील नावनिशी व छायाचित्रांना हात लावू नये, अशी ती कलमे आहेत.

यांतील शेवटच्या कलमाचे महत्त्व आम्हांस एका घरच्या प्रसंगाने कळले. आमच्या परिचयातील एका तरुणाने वडिलांच्या औषधपाण्यासाठी मोबाईलवरून थोडे कर्ज काढले. हप्ता चुकताच त्याच्या मोबाईलमध्ये ज्यांची नावे होती, त्या सर्वांना तो लबाड असल्याचे संदेश गेले. आमच्या कार्यकारी मंडळातील चौघांनाही ते आले. निबंधकाच्या कचेरीत त्याने परवान्याची चौकशी केली. त्या नावाचा सावकार जिल्ह्याच्या यादीत नव्हता, आणि त्याचा पत्ता तर कोठेच नव्हता. सुप्याच्या लोकांना निदान रोखा कोणत्या पेटीत आहे हे माहीत होते. सायबर पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत त्या तरुणाने आमच्या हवाली केली असून ती ज्ञातिगृहाच्या दप्तरी ठेवली आहे. तसाच प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांनी चिटणिसांना भेटून ती नमुन्यादाखल अवश्य पाहावी. नाव कोणालाही सांगितले जाणार नाही.