गॉथिक सबल क्रियापदे आणि मराठी भूतकाळ

गॉथिक भाषेचे ज्ञान मुख्यतः वुल्फिला याने चौथ्या शतकात केलेल्या बायबलच्या भाषांतराच्या अवशेषांवरून होते. तीत 'बांधणे' हा धातू बिन्दन् (बांधणे), बन्द (त्याने बांधले), बुन्दुम् (आम्ही बांधले), बुन्दन्स (बांधलेला) असा चालतो. भूतकाळासाठी निराळा प्रत्यय न घेता मुळातील स्वर पालटणाऱ्या अशा क्रियापदांस याकोब ग्रिमने 'सबल' म्हटले; दकारयुक्त प्रत्यय घेणारी ती 'दुर्बल'.

हा स्वरपालट गॉथिकची नवनिर्मिती नव्हे. संस्कृतातील वेद–विद्म या जोडीस गॉथिकमध्ये वइत–वितुम ही जोडी अक्षरशः जुळते. फ्रान्त्स बॉपने 1816 मध्ये या दोन्ही भाषांच्या धातुरूपांची तुलना केली, आणि तेथूनच तौलनिक व्याकरणास दृढ पाया लाभला.

मग मराठीत या वारशाचे काय झाले? प्राकृत अवस्थेत संस्कृतचा परोक्ष भूतकाळ लोपला. 'चकार', 'बबन्ध' यांची परंपरा खुंटली. भूतकाळाचे काम कृत, गत, मृत या भूतकालवाचक धातुसाधितांकडे आले. त्यांस प्राकृतातील लकारयुक्त प्रत्यय जडून केला, गेला, मेला ही रूपे सिद्ध झाली. गॉथिकच्या चार रूपांपैकी 'बुन्दन्स'च्या जातीचे शेवटचे रूप तेवढे मराठीने भूतकाळासाठी राखले, असे म्हणता येईल. 'त्याने काम केले' येथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते, त्याचेही मूळ या कर्मणि धातुसाधितातच आहे.

तथापि स्वरपालट मराठीतून नाहीसा झाला नाही; त्याचे कार्य बदलले. पनवेलच्या बाजारात नारळ 'फुटतो' आणि कोणी तो 'फोडतो'. दोरी 'तुटते' आणि 'तोडली' जाते. जनावर 'सुटते' आणि 'सोडले' जाते. संस्कृत स्फुट्–स्फोटय, त्रुट्–त्रोटय यांतील गुण येथे बोलीभाषेत जिवंत आहे. गॉथिकमध्ये स्वर काळ दर्शवितो, मराठीत तो अकर्मक–सकर्मक भेद दर्शवितो.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी 1877 च्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतापासून देशभाषांपर्यंतची परंपरा उलगडली. त्या दृष्टीने पाहता केला, गेला, मेला यांस निव्वळ 'अनियमित' म्हणून बाजूस सारणे योग्य ठरत नाही. 'बांधला' हे रूप वर्तमानकाळाच्या अंगावरून नव्याने घडले आहे. 'केला' त्याहून जुन्या नियमाचा साक्षीदार आहे. व्याकरणातील अपवादांची यादी ही पुष्कळदा भाषेच्या इतिहासाची सूचीच असते.