भिंतीतली तार आणि १८८२ चा कायदा

१/ कुंभार पिंपळगाव (ता. घनसावंगी, जि. जालना) असो वा मराठवाड्यातले दुसरे गाव, जुने माळवदाचे घर विकताना बोलणी जागेची आणि सागवानाची होतात. तारांचे वय सहसा कोणी विचारत नाही.

२/ मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १ जुलै १८८२ रोजी अमलात आला. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला एडिसनचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले. कायदा घडला तेव्हा घरातील वीज ही नवलाईच होती.

३/ तरीही कलम ५५ तारांना नेमके लागू पडते. वेगळा करार नसेल तर, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सामान्य दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगणे बंधनकारक आहे. तो न सांगणे म्हणजे कपट, असे हे कलम म्हणते.

४/ महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. खेडोपाडी वीज पोहोचली ती मुख्यतः त्यानंतर. जुन्या पद्धतीत लाकडी पट्टीवर रबरी वेष्टनाची तार असे, अर्थिंग अनेकदा नसे. भार दोन-चार दिव्यांचा. आज त्याच तारेवर फ्रिज आणि कूलर चालतात. रबर वाळून तडकते, तार तापते आणि वर माळवदाचे लाकूड असते.

५/ पट्टीवरची उघडी तार खरेदीदाराला दिसते. गिलाव्याखाली गेलेली दिसत नाही. कायद्याचा प्रश्न तिथेच उभा राहतो. म्हणून विक्रीआधी भिंतीला रंगाचा हात देण्यापूर्वी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून तपासणी करून घ्यावी आणि आढळलेला दोष खरेदीदाराला लेखी कळवावा.