गोळा घेतल्याशिवाय गाडी नाही

परवा नातू घरभर शोधत होता, "आजोबा, माझा टॅब्लेट पाहिलात का?" मी म्हणालो, "ड्रायव्हरला देऊन टाकला असेल!" त्याला काही कळलं नाही, आणि कळायचं कारणही नाही. पण दिवसभर माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं, म्हणून आज लिहायला बसलो.

आमचे दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) स्टेशनमास्तर. मी शाळामास्तर झालो, म्हणून आई म्हणायची, घरात दोन-दोन मास्तर आणि ऐकायला मी एकटी! माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, दादा मीटरगेजवरच्या एका आडगावच्या स्टेशनावर होते. मार्ग एकेरी. जाणाऱ्या गाड्याही त्याच रुळांवरून आणि येणाऱ्याही. दादांच्या खोलीत दोन लाल लोखंडी यंत्रं होती, एक अलीकडच्या स्टेशनाशी तारेने जोडलेलं, दुसरं पलीकडच्या. गाडी सोडायची वेळ झाली की दादा घंटीचे ठोके देत, तिकडचे मास्तर ठोक्यांनीच उत्तर देत. तिकडून त्यांनी संमती दिली तरच इकडचं हँडल फिरायचं आणि खालच्या तोंडातून खणकन एक धातूचा गोळा बाहेर पडायचा. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, आणि ते कडं उंच धरून पोर्टर फलाटाच्या टोकाला उभा. न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर हात बाहेर काढून ते कडं खांद्यापर्यंत ओवून घ्यायचा. आम्हा पोरांना तो प्रकार सर्कशीपेक्षा भारी वाटे.

गोळा हातात नाही तर गाडी पुढे नाही. आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही टोकांपैकी कुठेही दुसरा निघत नाही. बस्स, एवढीच सगळी युक्ती.

दादांची एक सवय होती. गोळ्यावर स्टेशनांची नावं कोरलेली असत. गोळा देण्याआधी दादा तो कंदिलाजवळ नेऊन ती नावं मोठ्याने वाचायचे. दरवेळी. मला हसू यायचं. रोजचाच गोळा, रोजचीच नावं, वाचायचं काय त्यात?

निवृत्त झाल्यावर वेळच वेळ होता, तेव्हा या यंत्राचं कूळ शोधत गेलो. ते जाऊन पोचलं इंग्लंडात, नॉरिच शहराजवळच्या थॉर्प गावी. तारीख १० सप्टेंबर १८७४, पावसाळी रात्र. नॉरिच ते ब्रंडल हा तुकडा एकेरी. लंडनहून येणारी एक्सप्रेस उशिरा होती आणि समोरून यारमथची मेल यायची होती. कोणती आधी सोडायची ते तारेने ठरायचं. नियम असा की कागदावर इन्स्पेक्टरची सही असल्याशिवाय तार पाठवायची नाही. रात्रपाळीचा इन्स्पेक्टर कूपर तारबाबूशी काहीतरी बोलून गेला. तारबाबू म्हणजे विशीच्या आतला पोरगा, रॉबसन त्याचं नाव. मेल सोडा असं त्याने ऐकलं, आणि सही नसताना तार केली. तसं मी म्हटलंच नव्हतं, हे कूपरचं म्हणणं. तेवढ्यात एक्सप्रेस आली आणि तीही पुढे सोडली गेली. चूक लक्षात आल्यावर धावाधाव करून तार केली, मेल थांबवा. उत्तर आलं, मेल गेली.

मंडळी, त्यानंतरची ती काही मिनिटं त्या दोघांनी कशी काढली असतील? दोन गाड्या एकमेकींवर चालल्या आहेत हे यांना ठाऊक, आणि गाडीतल्या कुणालाच कळवायची सोय नाही. २५ माणसं गेली. शेजारी दुसरा रूळ टाकून तयार होता, फक्त तपासणी होऊन वापरात यायचा राहिला होता! कूपरला तुरुंगवास झाला.

लंडनमध्ये एडवर्ड टायर नावाचा गृहस्थ रेल्वेची विजेची उपकरणं बनवत असे. या अपघातानंतर त्याने एक यंत्र रचलं आणि १८७८ मध्ये पेटंट घेतलं. त्यातून गोळ्याऐवजी गोल चकती निघे, तिचं नाव टॅब्लेट. ड्रायव्हरच्या हाती काठी किंवा बिल्ला द्यायची पद्धत जुनीच होती, पण ती काठी पलीकडच्या स्टेशनावर अडकली की अलीकडची गाडी खोळंबून राही. टायरने दोन्ही टोकांना चकत्यांच्या पेट्या ठेवल्या आणि तारेने एकमेकींत अडकवून टाकल्या. थॉर्पला घात केला तो बोललेल्या शब्दाने. एकाने एक म्हटलं, दुसऱ्याने भलतंच ऐकलं. टायरने शब्दाची वस्तू करून टाकली. वस्तू एका वेळी एकाच हातात असते.

मग ही वस्तू जगभर विकली जाऊ लागली. पुढे दहाएक वर्षांनी वेब आणि थॉम्प्सन यांनी चकतीऐवजी धातूची काठी आणली. लिव्हरपूलजवळच्या रेल्वे सिग्नल कंपनीने ती बनवली आणि ती ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेली. जपानने टॅब्लेट उचलला. श्रीलंकेच्या डोंगरातल्या गाड्या तर एकविसाव्या शतकातही टायरच्या चकतीवर धावत होत्या. आपल्याकडे नील्सचा गोळा रुजला. या धंद्यातली एक मेख अशी की यंत्र जोडीनेच घ्यावं लागतं, आणि एका टोकाला एक जात, दुसऱ्या टोकाला दुसरी, असं चालत नाही. त्यामुळे एकदा घेतलं की पिढ्यान् पिढ्या तेच.

पण मला अस्वस्थ केलं ते न्यूझीलंडच्या गोष्टीने. मार्च १८९९ मध्ये तिथे राकाया स्टेशनावर सहलीची एक गाडी दुसऱ्या सहलीच्या गाडीवर मागून आदळली आणि चौघं गेली. (शाळेच्या सहली काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, त्यामुळे सहलीची गाडी म्हटलं की पोटात गोळा येतो, हा दुसरा गोळा!) त्यानंतर तिथल्या सरकारने टायरची यंत्रं घेतली, आणि शेवटचं बंद झालं ते थेट १९९४ मध्ये. म्हणजे इतकं टिकाऊ, इतकं भरवशाचं. पण घेतलं कधी? माल बाजारात येऊन २१ वर्षं झाल्यावर. नॉरिचची २५ माणसं त्यांना पुरेशी वाटली नाहीत, घरची चार लागली. पैशाचं कारण असेलच, ते मी नाकारत नाही. वर्गात छत गळतं म्हणून अर्ज करून मीही थकलो आहे.

असो. यंत्र घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. २६ जानेवारी १९२१ ला वेल्समधल्या अ‍ॅबरम्यूल स्टेशनावर टायरची यंत्रं होती, आणि ती बिघडलेलीही नव्हती. पण ती स्टेशनच्या खोलीत होती आणि कोणीही हाताळायचं, अशी ढिली पद्धत पडली होती. एक पॅसेंजर आली. पोऱ्याने ड्रायव्हरकडून मागच्या टप्प्याची चकती घेतली. बदली स्टेशनमास्तरला वाटलं, ही पुढच्या टप्प्याचीच. त्याने ती न वाचता परत ड्रायव्हरला दिली, आणि ड्रायव्हरनेही न वाचता घेतली. समोरून एक्सप्रेस येत होती. १७ जण गेले, त्यात त्या रेल्वेचा एक डायरेक्टरही होता.

दादांनी अ‍ॅबरम्यूलचं नावही ऐकलं नसेल. मी वाचलं तेव्हा ते थकले होते, पण कान शाबूत होते. त्यांना सगळी हकीकत सांगितली. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्याकडे एकदा झालं होतं असं."

रात्री दोन गाड्यांचं क्रॉसिंग होतं. पोर्टरने आलेल्या गाडीची पिशवी आणून टेबलावर ठेवली आणि थोड्या वेळाने तीच उचलून त्याच गाडीकडे निघाला. दादांनी त्याला दारातून परत बोलावलं, गोळा काढून कंदिलाजवळ धरला आणि नावं वाचली. मागच्याच स्टेशनाची होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, यंत्रात टाकला. दुसरा काढून दिला. गाडी चार मिनिटं लेट."

"आणि त्या पोर्टरचं?"

"त्याला पाच पोरं होती," दादा म्हणाले. नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही, मी दोनदा विचारलं तरी.