मुंबईचे बावन्न, सोलापूरचे चाळीस



गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, की अलीकडे एक विषय हमखास निघतो. पोरगा पुण्याला जायचं म्हणतो. तिथे पगार बरा मिळतो, पण खोलीचं भाडं, डिपॉझिट, पोरांची शाळा, सगळंच महाग. सोलापुरात पगार कमी, पण भाडंही कमी आणि गाव जवळ. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने आम्हाला थेटच विचारलं, "तुम्ही रेडिओवर एवढं सांगता, मग सांगा की, मुला-सुनेला पाठवू का नको?"

आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा प्रश्न आजचा नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरातही तो होता. तेव्हा पुण्याच्या जागी मुंबई होती, एवढाच फरक. आणि त्या वेळी सरकारने या दोन्ही शहरांतल्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणीही केली होती. आज तोच जुना हिशेब उघडून बघू.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. सोलापुरात मोरारजी गोकुळदास यांनी १८७४ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली. तीच आपली जुनी मिल. गिरणीचा भोंगा वाजायला लागला ते दिवस १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळाचे होते. शेत करपलेलं, जनावरं गेलेली, अशी माणसं शहराकडे आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या झाल्या. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, साताऱ्यातून, घाटावरून माणसं गेली. दोन्हीकडे कापड तेच, भोंगा तोच. पण राहणीमान सारखं होतं का?

१९२१ साली मुंबई सरकारने कामगारांची माहिती गोळा करायला एक कचेरी काढली, लेबर ऑफिस. या कचेरीची माणसं कामगारांच्या घरोघर गेली. महिन्याला किती मिळतं, ज्वारी किती लागते, तांदूळ किती, रॉकेल किती, भाडं किती, कर्ज किती, सगळं लिहून घेतलं. मुंबईची पाहणी १९२१-२२ मध्ये झाली, सोलापूरची १९२५ मध्ये. मुंबईत कामगार कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत निघाली सुमारे बावन्न रुपये. सोलापुरात निघाली सुमारे चाळीस रुपये.

बारा रुपयांचा फरक! त्या काळी बारा रुपये ही लहान रक्कम नव्हती. वरवर बघितलं तर कोणीही म्हणेल, मुंबईच बरी. पण थांबा. एक तर दोन पाहण्यांमध्ये तीन-चार वर्षांचं अंतर आहे. १९२१-२२ हा महायुद्धानंतरच्या महागाईचा काळ होता, पुढे भाव उतरले. दुसरं म्हणजे मिळकतीचा आकडा अर्धाच हिशेब असतो. उरलेला अर्धा खर्चाचा.

सोलापूरचं खाणं ज्वारीचं. ज्वारी आसपासच पिकायची, भाकरी पोटाला आधार द्यायची. गिरण्याही कामगारांना ठरावीक धान्य सवलतीने द्यायच्या. मुंबईला दाणा न् दाणा बाहेरून यायचा. मुंबईच्या कुटुंबाचा निम्म्याहून जास्त खर्च नुसत्या खाण्यावर व्हायचा. सोलापुरात निम्म्याच्या आसपास. राहायचं म्हणाल, तर मुंबईच्या त्या पाहणीत शंभरातली सत्त्याण्णव कामगार कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत बाळंतपण, त्याच खोलीत आजारी माणूस. कधी दोन बिऱ्हाडं मिळून एक खोली.

मग सोलापूरच बरं म्हणायचं? तेही नाही. कर्ज बघा. मुंबईत जवळपास निम्मी कुटुंबं कर्जात होती, सोलापुरात त्याहून जास्त. भाकरी स्वस्त होती, पण हातात पैसाही कमी येत होता. लग्न, मयत, आजारपण आलं की सावकाराचं दार. स्वस्त शहरातही माणूस कर्जात बुडतो, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

इथवरचं सगळं त्या पाहणीत आहे. आता जे तिच्या हिशेबात आलं नाही, ते आपण बायकांनी बघू. पैसे देऊन घेतलेली प्रत्येक वस्तू तिथे मोजली गेली. फुकट झालेलं काम मात्र मोजलं गेलं नाही. दळण, पाणी, सरपण, स्वयंपाक, धुणं, पोरं, म्हातारी माणसं. हे सगळं विकत घ्यायचं ठरलं असतं, तर दोन्ही शहरांचे आकडे कोलमडले असते.

मुंबईचं बघा. तिथे खूप कामगार एकटे राहायचे. बायको, पोरं, आईबाप गावाकडे. पगारातून मनिऑर्डर यायची, ती आपल्याला दिसते. पण गावाकडची शेती बाई करायची, सासू-सासऱ्यांना बाई बघायची, नवरा आजारी पडून परत आला की त्याचं सगळं बाईच करायची. म्हणजे मुंबईचा पगार पुरायचा, कारण कामगाराच्या संसाराचा मोठा भाग गावातली बाई सांभाळत होती. मुंबईतही या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या बायकाच होत्या. एका खोलीत राहून वीस-पंचवीस माणसांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या.

आणि ज्या बायका मुंबईत स्वतः गिरणीत कामाला जायच्या? तान्ह्या बाळाला सांभाळायला कोणी नसायचं. मग अफू घातलेली बाळगोळी देऊन त्याला निजवायचं आणि भोंग्याला पळायचं. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त तान्ह्या बाळांचे मृत्यू नोंदले गेले. या आकड्यात थोडी गफलत आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जायच्या, त्या जन्माची नोंद शहरात व्हायची नाही, मृत्यूची मात्र व्हायची. ती गफलत धरूनही आकडा अंगावर काटा आणतो. आणि मृत्यू सर्वांत जास्त होते ते एका खोलीच्या बिऱ्हाडांत. पुढे १९२९ साली मुंबई इलाख्यात गिरणीतल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. देशातला तो या प्रकारचा पहिला कायदा.

आता सोलापूर. इथे कुटुंब एकत्र राहायचं. भाकरी घरची, माणसं जवळ. हे सुख खरंच होतं. पण त्या चाळीस रुपयांत फक्त नवऱ्याचा पगार नव्हता. जिथे बायको-पोरं कमवत होती, तिथे त्यांचाही पैसा त्यात होता. गिरणीतल्या सूत गुंडाळण्याच्या खात्यात बायका होत्या. हातमागाच्या घरात माग पुरुषाच्या नावाचा, पण कांड्या भरायला बाई आणि पोरं. पुढे विडीचं काम आलं आणि घराघरात सुपं आली. तेंदूचं पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजार विड्यांमागे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचं नुकसान बाईचंच.

या बायकांचं खरं मोल कळलं ते गिरण्यांच्या पडत्या काळात. सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव उठलं. पुरुषांचा पगार थांबला. पण सोलापुरात चूल विझली नाही, कारण बाईच्या मांडीवर सूप होतं. मुंबईत खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ सालीच अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं आणि सावकाराऐवजी बँकेच्या कर्जाची वाट दाखवली होती. इकडे सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदावरी परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ साली घरांच्या किल्ल्या मिळाल्या. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात गेलं की राहणीमान कसं बदलतं, ते त्या बायकांना विचारा.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. बातम्यांत महागाईचा निर्देशांक म्हणून आकडा सांगतात. सोलापूरचा वेगळा निघतो, पुण्याचा वेगळा, मुंबईचा वेगळा. सोलापूरच्या कामगारांसाठी तो १९२०च्या दशकापासून निघतो आहे. पुष्कळांना वाटतं, ज्या शहराचा आकडा मोठा ते शहर महाग. तसं नाही. एक ठरावीक वर्ष शंभर धरतात, आता २०१६ हे वर्ष धरलेलं आहे, आणि त्या शहरातले भाव तेव्हापासून किती वाढले ते सांगतात. सोलापूरचा आकडा पुण्याहून मोठा असला, तर एवढंच कळतं की सोलापुरात भाव जास्त वेगाने वाढले. पुणे स्वस्त झालं असा त्याचा अर्थ नाही. दोन शहरांची तुलना करायची तर दोन्हीकडचे भाव शेजारी शेजारीच लिहावे लागतात.

म्हणून त्या मैत्रिणीला आम्ही जा किंवा राहा असं सांगितलं नाही. गटाची जुनी वही घेतली आणि पानावर तीन रकाने आखले. पहिल्यात पैसे: पगार, भाडं, डिपॉझिट, गॅस, शाळा, गावी यायचं भाडं, हप्ता. दुसऱ्यात वेळ: कामावर जायला-यायला किती, पाण्याला किती, रेशनला किती. पुण्यात बसमध्ये दोन तास जात असतील, तर सोलापुरात काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट बघण्यातही वेळ जातो, तोही लिहायचा. आणि तिसऱ्यात नाव: हे काम कोण करणार? स्वयंपाक कोण, बाळ कोण सांभाळणार, सासऱ्यांच्या गोळ्या कोण देणार, शेत कोण बघणार?

पहिल्या रकान्यात पुणं थोडं पुढे निघालं. दुसऱ्यात जवळपास बरोबरी झाली. तिसऱ्या रकान्यात आमची मैत्रीण गप्प झाली. सून तिकडे कामाला लागली तरच पुण्याचं भाडं परवडत होतं. सून कामाला लागली, तर वर्षाची नात गावी आजीकडे राहणार होती. शेत, सासरे, नात, तिन्ही ओळींत एकच नाव आलं होतं, तिचं स्वतःचं. "म्हणजे पुण्याचं भाडं मीच भरणार की," ती म्हणाली.

तिने नाही म्हटलेलं नाही. पण आता घरात नुसता पगार किती एवढीच चर्चा होत नाही. पुण्यात कामाच्या जवळ पाळणाघर आहे का, त्याचे पैसे पहिल्या रकान्यात धरले तर काय उरतं, हे मुलाने बघून यायचं ठरलं आहे. शंभर वर्षांपूर्वी गावात राहिलेल्या बाईला हे कोणी विचारलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत तुम्हीही हे तीन रकाने आखा. शहर कुठलंही असो, ते स्वस्त आहे असं कोणी म्हटलं, की एकच विचारा: कुणाच्या कष्टावर स्वस्त? त्या ओळीत घरातल्या एकाच बाईचं नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर निर्णय घेण्याआधी सगळ्या घराला बसवा आणि वही मोठ्याने वाचून दाखवा.